पोस्टमनला दिवाळीचं पोस्त: काय द्यावं, किती आणि कधी

पोस्टमनला काय द्यायचं हे घरात ठरतं तेव्हा विचार बहुधा आपल्या बाजूने होतो. मागच्या वर्षी किती दिले, समोरचे काय देतात, ऑफिसातून आलेला सोनपापडीचा डबा अजून तसाच पडलाय का. त्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. तुम्ही दिलेली वस्तू तो पिशवीत टाकणार, सायकलला किंवा स्कूटरला लावणार आणि बीट, म्हणजे त्याच्या वाटपाचा ठरलेला भाग, संपेपर्यंत दारोदार मिरवणार. ती सांडणारी आहे का, जड आहे का, उन्हात टिकेल का, आणि ऑफिसात परतल्यावर चारचौघांसमोर पिशवीतून काढताना त्याला संकोच वाटेल का? या चार प्रश्नांवर अर्ध्याहून जास्त भेटी बाद होतात. उरलेल्यांतून निवडणं सोपं आहे.

आधी माणूस नक्की करा. आपल्याकडे येणारा प्रत्येक खाकी किंवा बिनखाकी माणूस पोस्टाचा नसतो. कुरिअरचा मुलगा वेगळा, पोस्टमन वेगळा. मोठ्या शहरांत पार्सलं एकजण आणतो आणि साधं टपाल दुसरा, असंही होतं. रजिस्टर पत्राची सेवा २०२५ साली स्पीडपोस्टात विलीन झाली, लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘रजिस्टर आलंय’ हेच आहे. तेव्हा दिवाळीच्या दोन आठवडे आधी, टपाल घेताना सरळ विचारा: ‘आमची बीट तुमच्याकडेच ना? दिवाळीत तुम्हीच असाल ना?’ बिटा बदलतात, रजेवर बदली माणूस येतो. वर्षभर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेल्याचं पोस्त चार दिवसांच्या बदलीवाल्याच्या हाती जाऊ नये.

आता पैशाचं गणित. पोस्टमन केंद्र सरकारचा गट ‘क’ कर्मचारी असतो आणि त्याला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात. त्यातला भेटवस्तूंचा नियम १३वा. २०१९च्या दुरुस्तीपासून गट ‘क’ कर्मचाऱ्याला २,००० रुपयांपेक्षा जास्त मोलाची भेट सरकारच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. त्याआधी ही मर्यादा ५०० रुपये होती. अधूनमधूनचा चहा किंवा जेवण याला हा नियम भेट मानत नाही, त्यामुळे मे महिन्यात पाणी-सरबत विचारताना बिचकायचं कारण नाही. २,००० ही कमाल मर्यादा झाली, तिथवर जायलाच हवं असं मुळीच नाही. एका घराकडून ३०० ते ७०० रुपयांच्या दरम्यानची वस्तू पुरेशी वाटते आणि घेणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

रकमेपेक्षा नाजूक बाब म्हणजे वेळ. पासपोर्ट, एटीएम कार्ड, मनीऑर्डर, पेन्शन यांपैकी काहीही हातात पडत असताना भेट देऊ नका. पासपोर्ट स्पीडपोस्टने येतो आणि दारात त्याचा एक पैसाही द्यायचा नसतो. ‘आनंदाचं टपाल आहे, काहीतरी द्या’ असं कोणी म्हटलं तर हसून नाही म्हणावं. कामाच्या बदल्यात दिलेले पैसे म्हणजे पोस्त नव्हे, ती लाच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा. २०१८च्या दुरुस्तीनंतर त्यात देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. चहापाण्याची ही सवय एकदा लागली की त्रास तुमच्या पुढच्या घराला होतो. ज्या दिवशी महत्त्वाचं काही आलेलं नाही, फक्त विजेचं बिल किंवा एखादं मासिक आहे, तो दिवस भेटीला उत्तम.

दिवाळीत द्यायचं असेल तर वसुबारस किंवा धनत्रयोदशी साधा. पोस्टाला दिवाळीची सुट्टी असते, मध्ये रविवार आला तर आणखी एक दिवस जातो, आणि पाडव्यापर्यंत थांबलात तर तो गावी गेलेला असतो. दिवाळीच नको असेल तर ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन आहे. १८७४ साली याच तारखेला बर्नमध्ये जागतिक टपाल संघ स्थापन झाला. त्या दिवशी पोस्टमनच्या हातात कोणीतरी काही ठेवणं दुर्मीळ असतं, म्हणून ते लक्षातही राहतं.

दिवसातली वेळही पाहा. पोस्टमन सकाळी ऑफिसात जाऊन आपल्या बिटीचं टपाल घरांच्या क्रमाने लावतो, हिशेबाचं टपाल (स्पीडपोस्टसारखं, ज्याची नोंद ठेवावी लागते ते) मोबाइलवर चढवून घेतो आणि मग बाहेर पडतो. परत गेल्यावर न दिलेलं टपाल आणि जमा झालेले पैसे यांचा हिशेब द्यायचा असतो. तुमचं घर बिटीच्या सुरुवातीला असेल तर त्या वेळी पिशवी तुडुंब भरलेली असते. अशा वेळी डबा हातात देण्यापेक्षा ‘परत जाताना घेऊन जा, वॉचमनकडे नाव लिहून ठेवलाय’ असं सांगा. घर शेवटी असेल तर खुशाल हातात द्या.

फराळ द्यायचा तर नीट द्या

फराळ ही सगळ्यात जिव्हाळ्याची भेट आणि सगळ्यात जास्त बिघडणारीही. त्यात चूक होते ती पॅकिंगची, चवीची क्वचितच. तुपातेलाचा एक डाग पिशवीत उतरला की पाकिटाचा कागद पारदर्शक होतो, पेनने लिहिलेला पत्ता पसरतो आणि स्पीडपोस्टवरचा बारकोड स्कॅन होईनासा होतो. बोलणी मात्र पोस्टमन खातो. म्हणून गुलाबजाम, रसगुल्ले, पाकातले काहीही बाद. कागदी मिठाईचा खोकाही बाद, कारण त्याचे कोपरे तासाभरात तेल सोडतात.

चालेल असा फराळ: बेसनाचे आठ लाडू (प्रत्येकी ३५ ते ४० ग्रॅमचे धरले तर साधारण ३०० ग्रॅम), २०० ग्रॅम शंकरपाळे, २०० ग्रॅम शेव. डब्यासकट वजन पाऊण-एक किलोच्या आत राहतं, आणि त्यापुढे जाऊ नये. रव्याचा लाडू ओल्या नारळाचा असेल तर दोन-तीन दिवसांत आंबतो. बेसनाचा नीट भाजलेला लाडू पंधरा दिवस सहज राहतो, म्हणून तोच घ्यावा. करंजी सुक्या खोबऱ्याची असेल तरच. अनारसे खसखस आणि तूप दोन्ही सोडतात, ते घरच्या पाहुण्यांसाठी ठेवा. पातळ पोह्यांचा चिवडा वजनाला हलका पण जागा फार खातो आणि दाबला की त्याचा भुगा होतो. चकली द्यायचीच असेल तर उभ्या गोल डब्यात एकावर एक रचून. पिशवीत आडवी टाकलेली चकली घरी पोचते ती भाजणीच्या चुऱ्याच्या रूपात.

लाडू वळल्यावर चार-पाच तास उघडे ठेवून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असतानाच झाकण लावलं तर आतून वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते. लाडू आणि शेव यांच्यामध्ये बटरपेपर घाला, नाहीतर शेव लाडवाला चिकटून दोन्ही मऊ पडतात. डबा घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा हवा, आणि तो परत मागू नका. ‘डबा परत द्या’ म्हटलं की भेटीच्या मागे एक काम लागतं. बाहेरून एक जाड पिशवी, तिला गाठ, आणि गाठीला चिठ्ठी: घराचं नाव, आत काय आहे, कधीपर्यंत खावं.

त्याच आठवड्यात त्याला दहा-बारा घरांतून गोड मिळतं, हेही विसरू नका. मधुमेह असेल का, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून नुसते लाडू देण्यापेक्षा तिखट-गोड मिळून द्यावं, किंवा सरळ २५० ग्रॅम चहा पावडर आणि अर्धा किलो साखर असा शिधा द्यावा. दिसायला रुक्ष, पण घरात पहिल्यांदा संपतो तो हाच.

वापरायच्या वस्तू

फराळ सोडला तर वस्तू निवडताना ऋतू पाहा. पावसाळ्याची वस्तू दिवाळीत दिली तर आठ महिने माळ्यावर पडते. महाराष्ट्रात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा रेनकोट मेच्या अखेरीस द्यावा. दिवाळीचं पोस्त दिवाळीतच दिलं पाहिजे असा दंडक कुठे आहे?

रेनकोट घ्याल तर जॅकेट-पँट असा दोन तुकड्यांचा, शिवणीवर आतून टेप चिकटवलेला. टेप नसलेल्या रेनकोटात पाणी शिवणीच्या भोकांतून खांद्यावर उतरतं, अर्ध्या तासात शर्ट ओला. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा घ्या, कारण तो गणवेशावरून चढतो आणि कधी पिशवीही आत घ्यावी लागते. झग्यासारखा पोंचो सायकलवाल्याला देऊ नका. तो वाऱ्याने उडून चेनमध्ये अडकतो. छत्रीचंही तसंच: एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गठ्ठा, मग बेल कोणत्या हाताने वाजवायची? पायी फिरणाऱ्याला मात्र लांब दांड्याची एकघडी छत्री चालते. तीनघडी छत्री कोकणातल्या पहिल्या वाऱ्यात उलटते. पोस्टवुमन असेल तर ‘एकच माप सगळ्यांना’ म्हणणारा पुरुषी रेनकोट आणू नका, माप विचारा.

रेनकोटाहून स्वस्त आणि पावसाळ्यात रोज हातात येईल अशी वस्तू म्हणजे झिपवाले प्लॅस्टिकचे पाउच. ए-फोर कागद न दुमडता जाईल एवढे, जरा जाडसर, दहा नग. पावसात माणूस भिजला तर चालतं, टपाल भिजून चालत नाही.

उन्हासाठी सुती टोपी, किंवा डोकं आणि मान दोन्ही झाकेल असा मोठा सुती पंचा. नायलॉनचा स्कार्फ घाम टिपत नाही. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची घ्या. एक लिटरचा थर्मास भरला की दीड किलोच्या आसपास जातो, आणि एवढं ओझं घेऊन कोणी जिने चढत नाही. बाटलीचं झाकण स्क्रूचं हवं. दाबून उघडणारं झाकण पिशवीत कशालाही टेकलं की उघडतं, आणि खाली कोणाचं तरी पत्र असतंच.

पोस्टमनचा मोबाइल हल्ली दिवसभर चालू असतो. टपाल दिल्याची नोंद त्यावरच होते, आणि १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून दारात पैसे देण्या-घेण्याचं कामही त्यावरच चालतं. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून द्यायची वस्तू म्हणून पॉवर बँक चांगली. १०,००० एमएएचची पुरे. वेष्टनावरचा आकडा पाहून ५,००० एमएएचचा मोबाइल दोनदा भरेल असं वाटतं, प्रत्यक्षात व्होल्टेज बदलताना होणाऱ्या घटीमुळे तो सव्वा वेळाच्या आसपास भरतो. २०,०००ची घेऊ नका, ती जवळजवळ दुप्पट जड. भारतीय मानक ब्युरोचं नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहूनच घ्या. रस्त्यावरच्या स्वस्त पॉवर बँका पिशवीत तापतात. सोबत त्याच्या मोबाइलला बसणारी केबल द्या. सी-टाइप की जुनी, ते आधी पाहून ठेवा.

बॉलपेनं दहा. जेल पेन नको, पावसाच्या एका थेंबाने सही पसरते. सही घेताना लोक पेन खिशात घालून आत निघून जातात, त्यामुळे पोस्टमनला पेन कधीच पुरत नाही.

टाळायच्या वस्तूंत बूट येतात, कारण मापाचा अंदाज चुकतोच. शर्टपीस टाळा, कारण कामावर गणवेश असतो. काचेच्या फ्रेमा, देवांच्या मूर्ती, भिंतीवरचं घड्याळ आणि तुमच्या दुकानाचं नाव छापलेलं काहीही टाळा. शेवटची वस्तू ही भेट नव्हेच, ती जाहिरात. जुने कपडे दिवाळीची भेट म्हणून देऊ नका. वेगळ्या वेळी, विचारून द्या.

रोख रकमेचं काय? महाराष्ट्रात पोस्त म्हणून पाकीटच देण्याची रीत जुनी आहे, आणि बरेच पोस्टमन तेच पसंत करतील हे उघड आहे. पण नियमाच्या नजरेने पाहिलं तर रोख रक्कम सगळ्यात संशयास्पद दिसते. गणवेशातल्या माणसाला चारचौघांत नोट घ्यायला लाजही वाटते. वस्तू किंवा फराळच बरा. एखाद्याने वस्तूही नाकारली तर आग्रह करू नका. काहीजण तत्त्वाने घेत नाहीत, काही ठिकाणी पोस्टमास्तर कडक असतात. तेव्हा चहा विचारावा.

सोसायटीने मिळून द्यायचं असेल तर एक हिशेब आधीच करा. ४० फ्लॅट, प्रत्येकी ५० रुपये, म्हणजे २,००० रुपये. इथेच मर्यादा गाठली. शंभर रुपये जमवले तर ४,००० होतात आणि एका माणसाला दिलेली भेट नियमाबाहेर जाते. तेव्हा वर्गणी २० ते ३० रुपये ठेवा. जास्त जमलंच तर उरलेल्या पैशांतून जिन्याखालच्या टपालपेट्या दुरुस्त करा.

ही दुरुस्तीही भेटच समजा, आणि ती बारा महिने पुरते. पेटीची फट २५ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर उंच असेल तर दिवाळी अंकही न दुमडता आत जातो. दिवाळीच्या आधी वर्गणीदारांचे अंक पोस्टाने येतात, तेव्हाच बिटीचं वजन सगळ्यात जास्त असतं. पेटी छातीच्या उंचीवर हवी. पेटीवर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा: आजोबांचं, भाडेकरूचं, आणि लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं व सासरचं दोन्ही, कारण बँका जुन्या नावानेच पत्रं पाठवत राहतात. फ्लॅट क्रमांकांचा फलक तळमजल्यावर लावा. कुत्रा असेल तर सकाळी अकरा ते दोन बांधून ठेवा.

गावाकडे मामला वेगळा. शाखा डाकघराचा ग्रामीण डाकसेवक दिवसाचे चार-पाच तास काम करतो आणि त्याला पगाराऐवजी त्या वेळेनुसार भत्ता मिळतो. घरी शेती किंवा दुसरा जोडधंदा असतोच. त्यांचे वर्तणुकीचे नियम वेगळे आहेत, तरी कामाच्या बदल्यात काही न देण्याचं पथ्य तिथेही तसंच पाळावं. ज्याच्या घरी स्वतःचंच भात-नाचणी आहे त्याला तेच देण्यात अर्थ नाही. जे त्याच्याकडे पिकत नाही ते द्या: घाटावर पाव किलो आमसुलं, कोकणात दोन किलो ज्वारी किंवा किलोभर गूळ. डझनभर आंब्यांची पेटी तीन किलोच्या वर जाते आणि वाटेत फळं आपटतात. ती त्याच्या घरी पोचवा. गोव्यात चतुर्थीला नेवऱ्या आणि नाताळात दोदोल (गूळ-नारळाचा गोड पदार्थ) हे दोन्ही प्रवासाला टिकाऊ आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एवढंच: तिथल्या पोस्टमनला एका प्रसंगी २० डॉलरपेक्षा जास्त मोलाची भेट चालत नाही, एका देणाऱ्याकडून वर्षभरात एकूण ५० डॉलर. रोख रक्कम अजिबात नाही, आणि रोख म्हणून वापरता येणारं बँकेचं गिफ्ट कार्डही नाही. ठरावीक दुकानाचं किंवा कॉफीचं कार्ड चालतं. घरचे लाडू द्याल तर डब्यावर काजू, बदाम, शेंगदाणे, दूध, गहू यांतलं जे असेल ते स्पष्ट लिहा. ॲलर्जीच्या भीतीने बिनचिठ्ठीचा डबा तसाच कचऱ्यात जातो.

शेवटची भेट पन्नास पैशांची: एक पोस्टकार्ड. तुमचं टपाल ज्या डाकघरातून वाटलं जातं तिथल्या पोस्टमास्तरांना लिहा. आणखी एक कार्ड विभागाच्या प्रवर अधीक्षकांना. ‘आपला पोस्टमन फार चांगला आहे’ एवढ्याने फाइलीत काही लागत नाही. बीट क्रमांक, तारीख आणि नेमकं काम लिहावं लागतं. मजकूर असा:

‘मा. पोस्टमास्तर, स. न. आमच्या भागातील बीट क्र. ७ चे पोस्टमन श्री. (गणवेशावरील नाव) हे वर्षभर नियमित टपाल देतात. १२ जुलै रोजी पत्त्यात इमारतीचे नाव चुकले असतानाही त्यांनी चौकशी करून माझ्या आईचे पेन्शनचे पत्र घरी पोचवले. त्यांच्या सेवेची नोंद घ्यावी ही विनंती. आपला,’ आणि खाली नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड.

तारीख आणि काम खरं तेच लिहा, आणि नियमाबाहेरची सवलत त्यात चुकूनही लिहू नका. ‘मी घरी नसताना माझं रजिस्टर शेजाऱ्यांकडे ठेवून गेले’ हे तुम्ही कौतुकाने लिहाल आणि त्याला जाब द्यावा लागेल. पिनकोडचे सहाही अंक तपासून घ्या. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे वर्गीकरणाच्या टेबलापासून पोस्टमास्तरांच्या खोलीपर्यंत ते चार-पाच जण सहज वाचतात, आणि इथे आपल्याला तेच हवं असतं. मात्र कार्ड त्याच्याच हातात देऊन ‘हे टाका’ म्हणू नका. स्वतःची स्तुती स्वतःच वाहून नेणं त्याला जड जाईल. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाका.